रिपोर्टमध्ये 'लिगामेंटम फ्लेवम हायपरट्रॉफी' लिहून आलंय? घाबरण्याआधी हे वाचा

भूलभुलैया
कंबरदुखीच्या जुन्या धाग्यावर कुणीतरी आईचा एमआरआय रिपोर्ट टाकला होता आणि त्यातल्या 'लिगामेंटम फ्लेवम हायपरट्रॉफी' ह्या तीन शब्दांवरून तिथे जो गोंधळ झाला, एक म्हणे गाठ आहे, दुसरा म्हणे कॅन्सरची सुरुवात, तिसऱ्याने थेट 'आता लकवा मारणार' असंच लिहून टाकलं, ते वाचून राहवेना म्हणून हा वेगळा धागा. मी भूलतज्ज्ञ आहे, हाडांचा डॉक्टर नाही, पण ह्या लिगामेंटशी, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याशी, माझा रोजचा संबंध येतो कारण सिझर असो, हर्निया असो की गुडघा बदलायचं ऑपरेशन, आमची सुई बहुतेक वेळा ह्याच्यातूनच आत जाते.

आधी हे असतं कुठे ते बघू. मणका पुढून जाड ठोकळा आणि मागून हाडाची कमान, दोघांच्या मधल्या पोकळीतून मज्जारज्जू आणि नसा जातात. कमानीच्या मागच्या चपट्या भागाला लॅमिना म्हणतात. वरच्या मणक्याचा लॅमिना आणि खालच्या मणक्याचा लॅमिना ह्यांच्यामध्ये जी फट राहते ती बुजवणारा पट्टा म्हणजे लिगामेंटम फ्लेवम. मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापासून सुरू होतो तो पार कंबरेच्या पाचव्या मणक्यापर्यंत आणि खाली माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीपर्यंत, दर दोन मणक्यांच्या मध्ये एक जोडी, डावा आणि उजवा. दोघं मध्यभागी भेटतात आणि तिथे बारीकशी फट असते, तिच्यातून आतल्या-बाहेरच्या शिरा एकमेकींना जोडलेल्या असतात. वरचं टोक वरच्या लॅमिनाच्या आतल्या बाजूला, म्हणजे पोकळीकडच्या पृष्ठभागावर चिकटतं, आणि खालचं टोक खालच्या लॅमिनाच्या वरच्या कडेला. म्हणजे नसांच्या पोकळीची मागची भिंत अर्धी हाडाची आणि अर्धी ह्या पट्ट्याची आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड इथूनच सुरू होते.

शरीरातली बाकीची लिगामेंटं पांढरी, चिवट, ताणायला नकार देणारी. हे मात्र पिवळसर, कारण ह्यात साधारण ८० टक्के इलॅस्टिन (ताणलं जाणारं प्रथिन) आणि २० टक्के कोलॅजेन (चिवट प्रथिन). माणसाच्या अंगात इतका लवचिक पट्टा दुसरा सापडणं मुश्किल. वाकलं की ताणतो, सरळ होताना स्वतःच आखडून पाठीला वर यायला मदत करतो. आणि मुख्य म्हणजे तुम्ही नुसते उभे असाल तेव्हाही तो थोडा ताणलेलाच असतो, १९६८ मध्ये नाचेमसन आणि इव्हान्स ह्या दोघांनी कंबरेतले पट्टे काढून मोजून हे दाखवलं होतं. हा आधीचा ताण कशासाठी, तर मागे वाकल्यावर दोन लॅमिना जवळ येतात तेव्हा पट्टा ढिला पडून नसांवर फुगू नये म्हणून. आता पायजम्याचं इलॅस्टिक डोळ्यासमोर आणा. नवं असतं तेव्हा सोडलं की गप्प सपाट, जुनं झालं की सैल पडून चुण्या पडतात. वय वाढलं की फ्लेवममधलं इलॅस्टिन कमी होतं, कोलॅजेन वाढतं, त्यात मधली गादी झिजून मणके जवळ आले की पट्ट्याला जागाच उरत नाही, मग तो दुमडून आत येतो. शिवाय खरोखरचा जाडपणा वाढतो तो वेगळा. कंबरेत साधारण ३ ते ४ मिमी असतो, ४ च्या वर गेला की रेडिओलॉजिस्ट सहसा 'हायपरट्रॉफी', म्हणजे जाड झालाय, असं लिहितात. गाठ नाही, कॅन्सर नाही.

प्रश्न विचारा, सुचेल तसं उत्तर देईन. इथे एक फिजिओ आणि एक स्पाइन सर्जन आहेत माहितीये मला, त्यांनीही यावं.

रसिका_पी
मस्त लिहिलंय डॉक्टर. माझा प्रश्न तोच जो प्रत्येक बाईचा असतो. माझं सिझर झालं तेव्हा पाठीत इंजेक्शन दिलं, आणि तेव्हापासून कंबर जी धरलीये ती धरलीच आहे. सासूबाई म्हणतात सुईने नस दुखावली, मावशी म्हणते 'आमच्या वेळी असली इंजेक्शनं नव्हती म्हणून आमच्या कमरा शाबूत'. सुई जर ह्या लिगामेंटमधून जाते तर त्याला भोक पडून ते कायमचं खराब होत असेल का?

भूलभुलैया
रसिकाताई, हा प्रश्न ओपीडीत, लग्नात, ट्रेनमध्ये, सगळीकडे विचारतात लोक मला :)
सिझरला देतात ती स्पायनलची सुई अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक असते. ती काढली की पट्ट्याचे धागे परत मिटतात. मज्जारज्जू मोठ्या माणसात कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि आम्ही टोचतो ते त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये किंवा त्याच्याही खाली. दोन्ही बाजूंच्या खुब्याच्या वरच्या हाडांना जोडणारी रेघ मनात काढायची, ती साधारण चौथ्या मणक्यावरून जाते, तिच्या अंदाजाने. ज्या बायकांना सुई दिली आणि ज्यांना दिली नाही अशांची तुलना बऱ्याच अभ्यासांत झालीये, सुईमुळे वर्षानुवर्षं कंबर दुखते असं काही निघालेलं नाही. टोचल्या जागी दोन-चार दिवस ठणकतं, ते खरं. डोकेदुखी होऊ शकते, उठून बसलं की वाढते आणि आडवं पडलं की थांबते अशी, तीही खरी, पण तिचं कारण हे लिगामेंट नाही, त्याच्या आतल्या आवरणाला पडलेलं भोक आहे. जंतुसंसर्ग, आत रक्त साचणं हेही असतं पण फार म्हणजे फारच क्वचित.
मग कंबर का दुखते? नऊ महिने पोट पुढे, हॉर्मोन्समुळे सगळे सांधे सैल, पोटाचे स्नायू ताणलेले, आणि मग घरी आल्यावर दिवसातून दहादा वाकून बाळ उचलायचं, पाठीला टेका न देता दूध पाजायचं. नॉर्मल डिलिव्हरीवाल्यांचीही दुखतेच की. मावशींच्या वेळी दुखत नव्हती असं नाही, सांगायची सोय नव्हती.

रसिका_पी
शेवटचं वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं. हसल्या आणि म्हणाल्या, खरंय डॉक्टरांचं.

झणझणीत
अवांतर होईल पण विचारतोच. मटणाची गर्दन आणली की मानेच्या मागे एक पिवळा चिवट पट्टा निघतो, बोटाएवढा जाड, कुकरच्या आठ शिट्ट्या करा नाहीतर बारा, तो काही शिजत नाही, चावून चावून जबडा दुखतो शेवटी कुत्र्याला. हा तोच का?

फिजिओताई
अवांतर कसलं, एकदम बरोबर पकडलंत. तो त्याच्या शेजारचा भाऊ, लिगामेंटम न्युकी. बकरी, गाय, घोडा ह्यांची मान दिवसभर पुढे लटकलेली, ती स्नायूंच्या जोरावर धरून ठेवायची तर थकूनच जातील, म्हणून हा इलॅस्टिनचा जाड पट्टा डोकं वरच्यावर पेलतो. माणसात तो तेवढा दणकट नसतो कारण आपलं डोकं मणक्यांवर बसलेलं. आणि न शिजण्याचं कारणही तेच, कोलॅजेन बराच वेळ उकळलं की त्याचं जिलेटिन होऊन रस्सा दाट होतो, पायाचं सूप असंच होतं, इलॅस्टिनचं तसं होत नाही. तुम्ही कितीही शिट्ट्या करा. पुढच्या वेळी खाटकाला आधीच काढायला सांगा.

बंडू_वकील
माझ्या वडिलांबद्दल. वय एकाहत्तर, तब्येत तशी ठणठणीत. गेली दोन-तीन वर्षं चालायला लागले की चौकापर्यंत जाईतो दोन्ही पाय जड होतात, पोटऱ्यांत पेटके, मुंग्या, मग कट्ट्यावर बसतात, पाचेक मिनिटांत सगळं गायब, परत चालायला लागतात, परत तेच. गंमत म्हणजे सायकलवर तासभर जाऊन येतात, काही होत नाही. त्यामुळे घरात सगळ्यांना वाटायचं नाटकं करतात, बाजारात जायचं नसतं म्हणून :( आता एमआरआय केला, त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये डिस्क बल्ज, फॅसेट आर्थ्रोपॅथी, लिगामेंटम फ्लेवम हायपरट्रॉफी, सिव्हिअर कॅनल स्टेनोसिस असं सगळं पुराण आहे. एका ठिकाणी दाखवलं तर त्यांनी लगेच चार स्क्रू आणि दोन रॉड घालायचे म्हणून सांगितलं, तारीखही काढायला तयार. खर्च ऐकून आम्ही घरी आलो. काय करावं?

फिजिओताई
बंडूदादा, तुमचे बाबा नाटक करत नव्हते हे आधी घरात सगळ्यांना सांगा. त्यांनी वर्णन केलंय ते पुस्तकातल्यासारखं आहे, ह्याला न्यूरोजेनिक क्लॉडिकेशन म्हणतात, आणि रिपोर्टातला स्टेनोसिस म्हणजे नसांची जागा अरुंद होणं. डॉक्टरांनी वर जे लिहिलं ना, मागे वाकलं की पट्टा आत फुगतो, पुढे वाकलं की ताणून सपाट होतो, त्याचाच हा खेळ. उभं राहिलं, चाललं की कंबर थोडी मागे जाते, नसांची जागा आणखी आकसते, पाय बोंबलतात. सायकलच्या हँडलवर वाकलं की जागा मोकळी. म्हणूनच मॉलमध्ये ट्रॉली ढकलत ही मंडळी तासभर फिरतात आणि घरासमोरच्या गल्लीत दोन मिनिटांत बसतात. बाबांना विचारा, चढ चढताना बरं वाटतं आणि उतारावर जास्त त्रास होतो का? बहुतेक हो म्हणतील. आणि पाय जड झाल्यावर नुसतं उभं राहून चालतं की बसावंच लागतं, वाकावंच लागतं?
हे शेवटचं महत्त्वाचं आहे. पायाच्या रक्तवाहिन्या चोंदल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात, पण ते नुसतं थांबलं, उभं राहिलं की ओसरतं, वाकायची गरज लागत नाही, आणि सायकलवरसुद्धा दुखतं. बाबा बिडी-सिगरेट ओढत असतील, शुगर असेल तर पावलावरची नाडी लागते का ते कुणीतरी हात लावून बघितलंच पाहिजे. एमआरआय दहा हजारांचा होतो आणि नाडी फुकटात बघता येते पण ती कुणी बघत नाही, माझं जुनं दुखणं आहे हे.

बंडू_वकील
बसावंच लागतं. आणि चढाचं अगदी खरं निघालं, विचारल्यावर म्हणाले टेकडी चढताना काही नाही, उतरताना मात्र तीन वेळा बसतो. नाडी उद्या बघायला सांगतो. तंबाखू कधीच नव्हती.

कणाकणाने
स्पाइन सर्जन हजर. रुग्ण न तपासता सल्ला देणार नाही, पण सर्वसाधारण गोष्टी सांगतो.
एक, रिपोर्टला ऑपरेशन करायचं नसतं. १९९० मध्ये बोडेन वगैरेंनी पाठीचा काहीही त्रास नसलेल्या ६७ लोकांचे एमआरआय काढले होते, त्यातल्या साठीच्या वरच्यांपैकी २१ टक्क्यांना स्टेनोसिस निघाला. म्हणजे कुठलीही तक्रार नसलेला पाचातला एक. त्यामुळे 'सिव्हिअर' शब्दाला घाबरून तारीख घ्यायची नाही, माणूस किती चालतोय, त्याचं रोजचं आयुष्य किती अडतंय ते बघायचं. पुष्कळ लोक वर्षानुवर्षं तिथल्या तिथेच राहतात, कंबरेतल्या स्टेनोसिसने एका रात्रीत लुळं पडणं फार दुर्मिळ.
दोन, घाई कधी? लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिरपणा आला, पाऊल उचलेना आणि चप्पल निसटायला लागली. असं झालं तर त्याच दिवशी इमर्जन्सी, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.
तीन, स्क्रू. ह्या आजारात मूळ काम एकच, नसांवरचं दडपण काढणं. लॅमिनाचा थोडा भाग आणि हा जाड झालेला पट्टा काढला की खालचं आवरण फुगून वर येतं, धडधडताना दिसतं, ते बघायला मिळालं की आमचं मन शांत होतं. मणका मणक्यावरून घसरलेला नसेल, सांधा हलत नसेल तर स्क्रूची गरज सहसा लागत नाही. २०१६ मध्ये एकाच वेळी दोन मोठे अभ्यास छापून आले, स्वीडनच्या अभ्यासात २४७ रुग्ण होते, काहींना नुसतं दडपण काढलं, काहींना त्याबरोबर फ्यूजन, म्हणजे मणके एकमेकांना जोडून टाकणं, केलं, दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी फरक नाही, घसरलेल्यांमध्येसुद्धा नाही. त्याच वेळचा अमेरिकेतला अभ्यास लहान होता, ६६ लोकांचा, सगळे थोडे घसरलेल्या मणक्याचे, त्यात फ्यूजनवाल्यांना जरा जास्त फायदा दिसला. तेव्हा वाद अजून मिटलेला नाही, पण 'न घसरलेल्या मणक्यात चार स्क्रू कशासाठी' हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उभं राहून पुढे वाकून आणि मागे वाकून असे दोन साधे एक्स-रे काढले का, ते आधी विचारा. ते न काढता कुणी स्क्रू म्हणत असेल तर दुसरं मत घ्या.

बंडू_वकील
असे एक्स-रे काढलेच नाहीत. धन्यवाद सर, उद्याच.
आणि ते कमरेतलं स्टिरॉइडचं इंजेक्शन? एकाने तेही सुचवलं.

भूलभुलैया
हे माझं खातं. देतो आम्ही, काहींना काही आठवडे बरं वाटतं, लग्नकार्य पार पाडण्यापुरतं वगैरे. पण २०१४ मध्ये ४०० स्टेनोसिसवाल्यांवर अभ्यास झाला, अर्ध्यांना स्टिरॉइड आणि बधिरीचं औषध, अर्ध्यांना नुसतं बधिरीचं, सहा आठवड्यांनी दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तेव्हा फार आशा ठेवू नका, आणि शुगर असेल तर स्टिरॉइडने काही दिवस वाढते हे लक्षात ठेवा.

सूर्यनमस्कार१०८
एवढं ऑपरेशन-बिपरेशन करण्यापेक्षा रोज भुजंगासन करा. मला स्लिप डिस्क होती, भुजंगासन आणि शलभासन करून पूर्ण बरा झालो. मणका मजबूत होतो, लिगामेंटही. अॅलोपॅथीवाले हे सांगणार नाहीत.

फिजिओताई
दादा, तुम्हाला फरक पडला ह्यात शंका नाही, तरुण माणसाची गादी मागे सरकलेली असते तेव्हा मागे वाकायचे व्यायाम आम्हीही देतो. पण बंडूदादांच्या बाबांना भुजंगासन म्हणजे जिथे जागा नाही तिथे आणखी ढकलणं. त्यांना पवनमुक्तासन, बालासन, गुडघे छातीशी, सायकल, पोटाचे स्नायू, असं सगळं पुढे वाकायच्या दिशेचं. एकाच कमरेला दोन उलटे उपाय. व्हॉट्सॲपवर 'कंबरदुखीवर रामबाण आसन' फिरतं ना, माझ्याकडे दर महिन्याला एक तरी आजी त्यातलं चक्रासन करून येते.

सूर्यनमस्कार१०८
ठीक. तरी योगाला नावं ठेवू नका.

फिजिओताई
पवनमुक्तासन मी कुठून आणलं मग :)

कोकणकन्या
भूल देताना नक्की काय होतं ते सांगा ना, मला पुढच्या महिन्यात एपिड्युरल घ्यायचंय. आंधळेपणाने टोचता म्हणे?

भूलभुलैया
आंधळेपणाने म्हणजे, डोळ्याने नाही, बोटाने. तुम्हाला बसवून हनुवटी छातीशी, पाठ मागे काढायला सांगतील, ते ह्याच पट्ट्यासाठी, कारण वाकलं की दोन लॅमिनांमधली फट उघडते. जागा बधिर करून सुई घालतो, स्पायनलपेक्षा जाड असते ही, टोकाला किंचित वाकडी. कातडी, मग चरबी, मग पाठीच्या मधोमध हाडांच्या टोकांना जोडणारी दोन लिगामेंटं. इथपर्यंत सुई भुसभुशीत काहीतरी कापत जातेय असं वाटतं. आणि मग अचानक ती धरली जाते. हात सोडला तरी सुई हलत नाही, तशीच उभी. हा फ्लेवम. आता मागे सलाइन भरलेली सिरिंज लावायची आणि अंगठ्याने हलका दाब द्यायचा, दट्ट्या जात नाही, अंगठ्याला स्प्रिंगसारखा परत ढकलतो. सुई मिलिमीटर-मिलिमीटर पुढे, दाब चालूच, आणि एका क्षणी दट्ट्या फस्सकन आत जातो, काहीच विरोध नाही. पट्टा पार झाला, आपण एपिड्युरल जागेत. तिथेच थांबायचं, कारण कंबरेत ही जागा जेमतेम अर्धा सेंटिमीटर आणि त्याच्या पुढे नसांभोवतीच्या पाण्याची पिशवी. मग सुईतून बारीक नळी घालून सुई काढून घेतो. कातडीपासून पट्ट्यापर्यंतचं अंतर बहुतेकांत ४ ते ६ सेंटिमीटर असतं, जाड माणसात जास्त.
१९२१ मध्ये फिदेल पाहेस नावाच्या स्पॅनिश लष्करी सर्जनने कंबरेतल्या एपिड्युरलबद्दल पहिल्यांदा लिहिलं, तोही सुई ह्या पट्ट्यातून सुटल्याची जाणीव हातानेच ओळखायचा. स्पॅनिशमध्ये लिहिलं, कुणी वाचलं नाही, आणि दोनच वर्षांत बिचारा गाडीच्या अपघातात गेला. पुढे इटलीतल्या दोलियोत्तीने १९३० च्या दशकात हे दाबाचं तंत्र जगभर पोचवलं. हल्ली अल्ट्रासाउंड लावून आधी अंतर मोजता येतं, जाड पेशंटमध्ये फार उपयोग होतो, पण शेवटचा मिलिमीटर अंगठ्याचाच.
तुम्ही फक्त एक करा, कळ आली तर आधी सांगा, मधेच हलू नका. बाकी आम्ही बघतो.

वऱ्हाडी_गडी
आमच्या यवतमाळकडं, पांढरकवड्याच्या बाजूला, गावंच्या गावं कंबर वाकून चालणाऱ्यांची होती, दात पिवळे-तपकिरी पट्ट्यांचे. बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड. माझा मामा तर मान वळवू शकत नव्हता, अख्खा वळायचा. डॉक्टर म्हणे मणक्यांचे दोरे हाडासारखे झाले. हे फ्लेवमचंच होते का?

कणाकणाने
हो, फ्लेवम आणि इतरही. जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडं घट्ट होतात आणि लिगामेंटांमध्ये, स्नायू जिथे हाडाला चिकटतात तिथे, हाड जमायला लागतं. एक्स-रेमध्ये कोपराखालच्या दोन हाडांच्या मधल्या पडद्यातही हाडाचे काटे दिसतात, ते दिसले की आम्ही पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो. आपल्या देशात हे पहिल्यांदा १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर भागातून नोंदलं गेलं. फ्लेवमचं हाड झालं की ते कंबरेपेक्षा छातीच्या खालच्या मणक्यांत जास्त त्रास देतं, आणि तिथे नुसत्या नसा नाहीत, मज्जारज्जूच आहे. मग पाय ताठ होतात, चाल बिघडते, तोल जातो, हे कंबरेच्या स्टेनोसिससारखं 'बघू नंतर' म्हणायचं काम नाही. ऑपरेशनही किचकट, हाड झालेला पट्टा आतल्या आवरणाला चिकटलेला असतो, सोडवताना आवरण फाटायची भीती.

वऱ्हाडी_गडी
मामाचं पाय ताठ झालंच होतं शेवटी. तवा कोणाला माहीत बाप्पा. पाणी उकळून प्यायचो आम्ही.

कणाकणाने
उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. तुमच्या नागपूरच्याच नीरी ह्या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची नळगोंडा पद्धत शोधली होती. घरी आरओ असेल तर तोही काढतो. बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या, लहान मुलं आहेत घरात.

तोक्योकर
जपानमधून. इथे लिगामेंटचं हाड होणं हा सरकारी यादीतला दुर्धर आजार आहे, फ्लेवमचाही आणि मणक्यांच्या ठोकळ्यांच्या मागून जाणाऱ्या दुसऱ्या लिगामेंटचाही, ठरावीक निकषांत बसलं तर उपचाराच्या खर्चात सवलत मिळते. ऑफिसमधल्या एका वयस्कर सहकाऱ्याला मानेत आहे, शर्टाची बटणं लावता येईनात म्हणून दाखवायला गेला. इथे फ्लोराइडचा संबंध नाही, पूर्व आशियात हे मुळातच जास्त दिसतं म्हणतात.

कणाकणाने
बरोबर. मानेतलं ते फ्लेवमसारखं पोकळीच्या मागच्या भिंतीवरचं नसून पुढच्या भिंतीवरचं, म्हणजे ठोकळ्यांच्या मागून जाणारं, पोस्टीरिअर लाँगिट्यूडिनल लिगामेंट. जपानी सर्जनांनी त्यासाठीच लॅमिना पूर्ण न काढता दार उघडल्यासारखा बाजूला करून ठेवायची पद्धत काढली, आपणही वापरतो. बटणं, भाकरी थापणं, सुईत दोरा, मोबाइलवर टायपिंग, ह्यात हात अडखळायला लागले तर मान तपासा, हात दुखत नसला तरीही.

खवचट_आजोबा
मी सत्तरी पार. बाथरूममध्ये घसरून तोंडावर आपटलेला आमच्या सोसायटीतला एक जण, मान एक्स-रेत ठीक, हाड मोडलं नाही, पण दोन्ही हात लुळे आणि पाय चालतात. आम्हाला वाटलं ढोंग. ह्यात तुमचं हे पिवळं प्रकरण असू शकतं का?

भूलभुलैया
असू शकतं, बहुतेक तेच. कपाळ आपटलं की मान झटक्यात मागे जाते, वयामुळे आधीच अरुंद झालेल्या पोकळीत पुढून हाडाचे काटे आणि मागून दुमडलेला फ्लेवम, मध्ये मज्जारज्जू चिमटतो. मागे वाकल्यावर हा पट्टा आत फुगतो हे टेलरने १९५१ मध्येच दाखवलं होतं. मज्जारज्जूचा मधला भाग जास्त दुखावतो म्हणून हात पायांपेक्षा जास्त कमजोर, ह्याला सेंट्रल कॉर्ड सिंड्रोम म्हणतात. पुष्कळ जणांचे पाय आधी सुधारतात, मग हात, बोटं सगळ्यात शेवटी. आणि हो, एक्स-रेत हाड ठीक दिसलं म्हणून घरी पाठवायचं नसतं, एमआरआय लागतो. बाथरूममध्ये पकडायला दांडा बसवा आजोबा, टाइल्स बदलण्यापेक्षा स्वस्त.

बंडू_वकील
अपडेट. पावलांच्या नाड्या दोन्ही छान लागतात. वाकून काढलेल्या एक्स-रेत मणका हलत नाहीये. दुसऱ्या सर्जननी सांगितलं आत्ता तीन महिने फिजिओ, सायकल चालू ठेवा, आणि चालण्याचं अंतर कमीच होत गेलं तर नुसतं पट्टा आणि थोडं हाड काढू, स्क्रू नको. अजून एक शंका, एमआरआय झोपून केला, पाय झोपून दुखतच नाहीत, मग तो खरा कसा?

कणाकणाने
चांगला प्रश्न. झोपल्यावर अंगाचा भार नसतो, वर गुडघ्याखाली उशी दिली तर कंबर आणखी सपाट होते, त्यामुळे उभं असताना जेवढं चिमटतं तेवढं त्या फोटोत दिसत नाही. उभ्याने करायची मशीनं आहेत पण मोजकीच, आणि त्यांवाचून अडत नाही. म्हणूनच चालण्याची गोष्ट नीट विचारायची. फोटोत मध्यम आणि चालणं पन्नास पावलं, किंवा फोटोत भयंकर आणि माणूस पर्वती चढून येतो, दोन्ही बघितलेत.
आणखी एक, ऑपरेशन झालंच तर काढलेला पट्टा तपासायला पाठवणार का ते विचारा. वयस्कर माणसांच्या फ्लेवममध्ये कधीकधी ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन साचलेलं सापडतं, आणि तेच प्रथिन हृदयाच्या स्नायूतही साचू शकतं. ज्यांना दोन्ही मनगटांत कार्पल टनेलचा, म्हणजे मनगटात नस दाबून हाताला मुंग्या येण्याचा, त्रास होऊन गेलाय त्यांच्यात जास्त शंका घ्यायची. सगळीकडे पाठवत नाहीत, पण बाबांना तसं काही असेल तर सर्जनला आधी सांगून ठेवा.

बंडू_वकील
उजव्या मनगटाचं झालंय ऑपरेशन, मागे कधीतरी. डावीकडेही मुंग्या असतात म्हणतात. हे दोन्ही एकत्र कुणाला सांगायचं सुचलंच नसतं. फाइलमध्ये लिहून ठेवतो.

कणाकणाने
ठेवाच. आणि तीन महिन्यांनी बाबा किती पावलं न बसता चालतात ते मोजून घेऊन जा, 'बरं वाटतं' आणि 'बरं वाटत नाही' ह्यापेक्षा सर्जनला त्याचा जास्त उपयोग होतो.